केसपेपरचे कुलूप कोणाच्या हाती?

फिनलंडमधल्या एका सरकारी रुग्णालयात डोळ्यांच्या विभागात एक परिचारिका कंत्राटी तत्त्वावर काम करत होती. तिला एचआयव्हीची लागण झालेली होती आणि त्याच रुग्णालयातल्या संसर्गजन्य आजारांच्या विभागात १९८७ पासून ती नियमित उपचारांसाठी जात होती. १९९२ च्या सुरुवातीला तिला शंका येऊ लागली, की आपला आजार सहकाऱ्यांना कळला आहे. शंकेला कारणही होते. त्या काळी तिथल्या कर्मचाऱ्यांना कोणत्याही रुग्णाची नोंद मोकळेपणाने पाहता येत असे. तिने तक्रार केल्यावर नियम बदलला आणि तिची नोंद खोट्या नावाने ठेवली गेली. पण बोलबाला व्हायचा तो होऊन गेला होता. १९९५ मध्ये तिचे कंत्राट पुढे वाढवले गेले नाही.

आपली नोंद कोणी पाहिली, एवढेच तिला हवे होते. ते सांगता येणार नाही, असे उत्तर मिळाले. यंत्रणेत फक्त शेवटच्या पाच वेळांची माहिती राहत होती. तीही विभागाच्या नावाने, व्यक्तीच्या नावाने नव्हे. शिवाय फाइल जुन्या दप्तरात गेली, की तेवढीही पुसली जात होती. पुरावा नाही म्हणून ती आपल्या देशातल्या न्यायालयांत हरली. अखेर १७ जुलै २००८ रोजी युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. गोपनीयतेचा कायदा फिनलंडमध्ये होताच. पण नोंद अनधिकृत हातांत पडूच नये, अशी प्रत्यक्ष व्यवस्था रुग्णालयात नव्हती, आणि नुकसान झाल्यावर भरपाई मागण्याची सोय म्हणजे संरक्षण नव्हे, असे न्यायालयाचे म्हणणे होते.

हा निकाल आज भारतात आठवण्याचे कारण आहे. वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये मंजूर झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि सुरक्षेसंबंधीच्या मुख्य तरतुदी लागू होण्यासाठी त्यात १८ महिन्यांचा अवधी ठेवलेला आहे. माहितीच्या सुरक्षेत कसूर केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद कायद्यात आहे. माहिती कोणाला पाहता येते यावर नियंत्रण ठेवा, कोणी पाहिली याची नोंद किमान वर्षभर जपा, असे नियम सांगतात. दुसरीकडे आयुष्मान भारत डिजिटल मिशनमुळे १४ आकडी ‘आभा’ क्रमांकाला जोडलेल्या नोंदी एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात जाऊ लागल्या आहेत. म्हणजे केसपेपर कपाटातून बाहेर पडला आहे. त्याला कुलूप कोणते लावायचे आणि किल्ली कोणाकडे ठेवायची, हा प्रश्न आता टाळण्यासारखा नाही.

मर्जी आणि नियम

बहुतेक संगणकांत पूर्वापार चालत आलेली पद्धत मर्जीची आहे. ज्याने फाइल तयार केली तो तिचा मालक. ती कोणी वाचावी, कोणी बदलावी, हे मालक ठरवतो. घरच्या संगणकाला हे पुरते. रुग्णालयात मात्र या पद्धतीला दोन मोठी भोके आहेत.

पहिले भोक माणसाचे. डेटा एंट्री करणाऱ्याने घाईत संपूर्ण फोल्डर ‘सर्वांसाठी खुले’ करून ठेवले, तर यंत्रणा हरकत घेत नाही. मालकाची मर्जी, एवढेच तिला कळते.

दुसरे भोक जास्त खोल आहे. संगणकावर एखादा प्रोग्राम चालतो, तेव्हा तो चालवणाऱ्या माणसाच्या नावाने चालतो. त्या माणसाला जे जे करता येते, ते ते सारे त्या प्रोग्रामलाही करता येते. बिलिंग विभागातल्या कारकुनाने ई-मेलबरोबर आलेली फाइल उघडली आणि तिच्यात घातक प्रोग्राम दडलेला असला, तर त्याला कारकुनाचे सगळे अधिकार आपोआप मिळतात. कारकुनाचा हेतू चांगला होता, याने काही फरक पडत नाही.

याला उत्तर म्हणून जी पद्धत आली, तिला सक्तीचे प्रवेशनियंत्रण म्हणता येईल. तीत प्रत्येक फाइलवर आणि चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रामवर ऑपरेटिंग सिस्टिम स्वतः एक चिठ्ठी लावते. कोणत्या चिठ्ठीच्या प्रोग्रामने कोणत्या चिठ्ठीच्या फाइलला हात लावायचा, याचे नियम संस्थेने आधीच ठरवलेले असतात. फाइलच्या मालकालाही ते बदलता येत नाहीत.

वैद्यकीय क्षेत्राला ही कल्पना नवी नाही. रक्तपेढीत नुकत्याच घेतलेल्या रक्ताच्या पिशव्या वेगळ्या ठेवतात. एचआयव्ही, कावीळ बी, कावीळ सी, सिफिलिस आणि मलेरिया या तपासण्या होऊन योग्य ते लेबल लागल्याशिवाय पिशवी रुग्णाकडे जात नाही. पिशवी मागणारा डॉक्टर विभागप्रमुख असला तरी नाही, आणि रक्तदाता रुग्णाचा सख्खा भाऊ असला तरीही नाही. निर्णय लेबलवर होतो, कोणाच्या शब्दावर नाही. संगणकातली सक्तीची पद्धत नेमके हेच करते.

लष्कराची शिडी, शस्त्रक्रियागृहाची शिस्त

या विचाराचा उगम लष्करी आहे. एकाच संगणकावर साधी आणि गुप्त अशी दोन्ही प्रकारची माहिती ठेवायची तर काय करावे, हा प्रश्न अमेरिकी हवाई दलाला १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पडला होता. मायटर या संस्थेतल्या डेव्हिड बेल आणि लिओनार्ड लापादुला यांनी १९७३ पासून त्यावर गणिती मांडणी केली. तिचे सार दोन वाक्यांत सांगता येते. खालच्या पायरीवरच्याने वरच्या पायरीवरचे वाचू नये. आणि वरच्या पायरीवरच्याने खालच्या पायरीवर लिहू नये.

पहिला नियम सहज पटतो. दुसरा विचित्र वाटतो, पण खरी मेख त्यातच आहे. गुप्त फाइल वाचण्याचा अधिकार असलेल्या अधिकाऱ्याच्या संगणकात घातक प्रोग्राम शिरला, तर तो त्या अधिकाऱ्याच्या नावाने गुप्त मजकूर उचलून सगळ्यांना दिसणाऱ्या फाइलमध्ये उतरवू शकतो. खाली लिहिण्यालाच बंदी असली, तर हा मार्ग बंद होतो. इथे नियम माणसावर अविश्वास दाखवत नाही. माणसाच्या नावाने चालणाऱ्या प्रोग्रामवर विश्वास ठेवायचे तो नाकारतो.

काही वर्षांतच केनेथ बिबा यांनी हा विचार उलटा करून मांडला. त्यांचा भर गुप्ततेवर नव्हता, माहितीच्या शुद्धतेवर होता. बिबा यांच्या मांडणीचे एक रूप शस्त्रक्रियागृहात काम करणाऱ्या कोणालाही लगेच ओळखू येईल. हात धुऊन, निर्जंतुक हातमोजे घातलेल्या सर्जनचा हात टेबलाबाहेरच्या वस्तूला लागला, की तो हात निर्जंतुक राहत नाही. सर्जन कितीही ज्येष्ठ असोत, हातमोजे बदलावेच लागतात. तसेच, खालच्या दर्जाची माहिती वाचलेल्या प्रोग्रामचा दर्जा खाली येतो आणि त्यानंतर त्याला वरच्या दर्जाच्या फाइलमध्ये लिहिता येत नाही. इंटरनेटवरून आलेली फाइल उघडलेल्या प्रोग्रामने औषधाच्या डोसचा तक्ता बदलू नये, अशी अपेक्षा असेल, तर शिस्त हीच लागते. रुग्णाच्या नोंदीत गुप्तता फुटली तर अब्रू जाते. शुद्धता गेली, रक्तगट किंवा डोस बदलला, तर जीव जाऊ शकतो.

खिशातला अनुभव

ही पद्धत बराच काळ लष्कर आणि संशोधन यांच्यापुरती राहिली. २००० च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने लिनक्ससाठी ‘एसई-लिनक्स’ नावाची अशी व्यवस्था सर्वांसाठी खुली केली. २००३ मध्ये ती लिनक्सच्या मुख्य गाभ्यात आली. हिच्यात प्रत्येक प्रोग्रामला काय करता येईल, ते यादीत लिहिलेले असते. यादीत नाही ते मना. नकार दिला की त्याची नोंदही होते.

अँड्रॉइड फोन वापरणाऱ्या प्रत्येकाच्या खिशात आज ही व्यवस्था आहे. २०१३ मध्ये अँड्रॉइडच्या ४.३ आवृत्तीत ती आली, तेव्हा नियम मोडला तर ती फक्त टिपून ठेवत असे. २०१४ च्या ५.० आवृत्तीपासून ती पूर्णपणे अडवू लागली. एखाद्या ॲपला कॅमेरा वापरू द्यायचा का, हे फोनचा मालक ठरवतो. ती झाली मर्जी. पण फोनच्या मूळ यंत्रणेतल्या फाइलना त्या ॲपने हात लावायचा नाही, हा नियम मालकाला विचारला जात नाही. ती झाली सक्ती. या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात, हे कोट्यवधी फोन रोज दाखवतात.

सक्तीचा उपयोग काय, हे २०१९ च्या फेब्रुवारीत दिसले. एकाच सर्व्हरवर अनेक प्रोग्राम आपापल्या बंद डब्यात चालवण्याची पद्धत आता सर्रास आहे. असे डबे सुरू करणाऱ्या ‘रनसी’ या साधनात तेव्हा दोष सापडला. डब्यातला घातक प्रोग्राम बाहेर हात घालून अख्ख्या सर्व्हरचा ताबा घेऊ शकत होता. रेड हॅटच्या लिनक्सवर जिथे एसई-लिनक्स अडवण्याच्या अवस्थेत चालू होते, तिथे हा हल्ला चालत नव्हता. दोष तिथेही होताच. पण डब्यातल्या प्रोग्रामवरची चिठ्ठी त्याला सर्व्हरच्या फाइलवर लिहू देत नव्हती. एखादा दोष उद्या सापडणारच आहे असे धरून आजच त्याच्या वाटेत भिंत बांधून ठेवायची, हे या पद्धतीचे बळ.

नुसते पाहत राहिल्याची किंमत

आयर्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेची कथा याच्या उलट आहे. १८ मार्च २०२१ रोजी तिथल्या एका संगणकावर ई-मेलमधून आलेली एक्सेल फाइल उघडली गेली. हल्लेखोर आत शिरले आणि जवळपास ८ आठवडे आतच फिरत राहिले. १४ मे रोजी त्यांनी देशभरातली यंत्रणा कुलूपबंद केली. डॉक्टर आणि परिचारिका पुन्हा कागद-पेनवर आले. पुढे झालेल्या चौकशीत एक तपशील बाहेर आला. मार्चअखेरीस त्या पहिल्या संगणकावरच्या अँटिव्हायरसने हल्लेखोरांची साधने ओळखली होती. पण ते ‘फक्त पाहा’ या अवस्थेत ठेवलेले होते. त्याने पाहिले, आणि अडवले नाही.

एसई-लिनक्समध्येही अशीच सौम्य अवस्था असते. नवीन सॉफ्टवेअर बसवताना ते चालेनासे झाले, की तंत्रज्ञ पहिल्यांदा हे नियंत्रण सौम्य करून पाहतो. काम सुरू होते. पुढे पुन्हा सक्ती चालू करायचे राहून जाते. पुरवठादाराच्या सूचनापत्रकातच ‘आधी हे बंद करा’ असे लिहिलेले असल्याचीही उदाहरणे कमी नाहीत. रुग्ण बरा होईपर्यंत अतिदक्षता विभागातल्या मॉनिटरचा अलार्म बंद ठेवण्यासारखाच हा प्रकार आहे.

दिल्लीच्या एम्सवर २३ नोव्हेंबर २०२२ रोजी हल्ला झाला. नोंदणी, बिले, तपासण्यांचे अहवाल सारेच हातांनी लिहायची वेळ आली. हल्ल्यात ५ सर्व्हर सापडले, सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली, आणि नेटवर्कचे विभाग नीट पाडलेले नव्हते म्हणून हल्लेखोरांचे फावले, असे सरकारने नंतर संसदेत सांगितले. न लागलेल्या एका बॅकअप सर्व्हरवरून ई-हॉस्पिटलची माहिती परत मिळाली, ही सुदैवाची बाजू. नेटवर्कचे विभाग पाडणे आणि प्रोग्रामना चिठ्ठ्या लावणे ही तंत्रे वेगळी असली, तरी तत्त्व एकच आहे. एका वॉर्डात संसर्ग झाला म्हणून सगळे रुग्णालय बाधित होऊ नये.

शिडी नव्हे, खोल्या

लष्करी पद्धत जशीच्या तशी रुग्णालयात आणता येईल का? नाही. हे केंब्रिजचे संगणकतज्ज्ञ रॉस अँडरसन यांनी १९९६ मध्येच स्पष्ट केले. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनसाठी त्यांनी रुग्णनोंदींच्या सुरक्षेचे धोरण तयार केले होते. लष्करात माहितीची शिडी असते, वरचा अधिकारी खालचे सारे पाहू शकतो. रुग्णालयात अधिष्ठाता पदाने सर्वांत वर असतात, पण मनोविकार विभागातल्या एखाद्या रुग्णाचा कागद पाहण्याचे त्यांना काही कारण नसते. इथे हवी ती शेजारी शेजारी असलेल्या खोल्यांची व्यवस्था. उपचार करणाऱ्याला दार उघडे, बाकीच्यांना बंद. प्रत्येक नोंदीबरोबर ती कोण पाहू शकतो याची यादी, यादी बदलली तर रुग्णाला कळवणे, प्रत्येक वेळी उघडल्याची नोंद, आणि एकाच माणसाला हजारो लोकांच्या नोंदी गोळा करता येऊ नयेत याची तजवीज, अशी ती मांडणी होती.

आजच्या भारतात या खोल्यांची नावे कायद्याने आधीच दिलेली आहेत. एचआयव्हीबाधितांच्या माहितीला २०१७ च्या कायद्याचे संरक्षण आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो. गर्भपात करून घेतलेल्या स्त्रीचे नाव उघड करण्यावर बंदी घालणारे कलम २०२१ च्या दुरुस्तीने थेट कायद्यात आले. कायद्याच्या पुस्तकात चिठ्ठ्या तयार आहेत. प्रश्न त्या संगणकात उतरण्याचा आहे.

त्यासाठीची भाषाही तयार आहे. डिजिटल मिशनमध्ये नोंदींची देवाणघेवाण ‘फायर’ नावाच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार होते. या मानकात प्रत्येक नोंदीला सुरक्षेचे लेबल लावण्याची सोय आहे. नोंद साधी आहे की अतिगोपनीय, ती कोणत्या संवेदनशील प्रकारात मोडते, कोणत्या कारणासाठी वापरायची, पुढे कोणाला देता येईल, हे सारे त्यात लिहिता येते. मिशनच्या संमतिपत्रातही कारण, नोंदींचा प्रकार, कालावधी आणि मुदत असते. पण संमतिपत्र आणि लेबल ही फक्त सूचना आहेत. नोंद पोहोचल्यावर तिथल्या संगणकाने लेबल वाचून दार बंद केले, तरच त्याला अर्थ. नाही तर ‘गोपनीय’ असा शिक्का मारून पाकीट टेबलावर उघडेच टाकण्यासारखे होईल.

चिठ्ठीच्या मर्यादा

सक्तीची पद्धत म्हणजे रामबाण नव्हे. ज्याला नोंद पाहण्याचा अधिकार आहे, त्याने पडद्याचा फोटो काढून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, तर कोणतीच ऑपरेटिंग सिस्टिम त्याला थांबवू शकत नाही. चिठ्ठी चुकीची लागली, तर संरक्षणही चुकीचेच मिळते. ज्या प्रोग्रामला रुग्णनोंदींमध्ये लिहिण्याचा अधिकार आहे, तोच हल्लेखोराच्या ताब्यात गेला, तर तो त्या नोंदी नासवू शकतो. म्हणून वेगळा ठेवलेला आणि अधूनमधून प्रत्यक्ष वापरून पाहिलेला बॅकअप याला पर्याय नाही.

लेबल स्वतःच बोलके असण्याचाही धोका आहे. एखादी नोंद ‘अतिगोपनीय’ म्हणून बंद दिसली, तर तिथे काय असावे याचा अंदाज वॉर्डातला कोणीही बांधू शकतो. म्हणून कुलूप लागलेले आहे हेही ज्याला गरज नाही त्याला दिसू नये, याची काळजी घ्यावी लागते.

सर्वांत मोठी अडचण मात्र कामाच्या घाईची आहे. रात्री दोन वाजता बेशुद्ध रुग्ण येतो. त्याला कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, हे नोंदीत आहे आणि ड्यूटीवरच्या निवासी डॉक्टरला ती उघडत नाही. असे एकदा झाले, की दुसऱ्या दिवसापासून सगळा वॉर्ड एकाच पासवर्डवर काम करू लागतो. तो पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला असतो, आणि कोणी काय पाहिले हे पुन्हा कोणालाच सांगता येत नाही. यावर जगभर वापरला जाणारा उपाय म्हणजे ‘काच फोडण्या’ची सोय. आगीच्या वेळी काच फोडून बटण दाबावे, तसे डॉक्टरने कारण लिहून बंद नोंद उघडायची. दार लगेच उघडते. पण उघडणाऱ्याचे नाव, वेळ आणि कारण पुसता न येणाऱ्या वहीत जाते, आणि ती वही कोणीतरी दर आठवड्याला खरोखर वाचते. वाचणारा नसेल, तर काच रोज फुटू लागते.

काय विचारायचे?

रुग्णालयांना येत्या काळात सॉफ्टवेअर विकणारे पुष्कळ येतील आणि प्रत्येक जण ‘आमची यंत्रणा सुरक्षित आहे’ म्हणेल. खरेदी समितीने चार साधे प्रश्न विचारावेत. तुमचे सॉफ्टवेअर ऑपरेटिंग सिस्टिमचे सक्तीचे नियंत्रण चालू असताना चालते, की ते बंद करावे लागते? नोंदींवरची लेबले फक्त साठवता, की त्यानुसार दार बंदही करता? आणीबाणीत दार कसे उघडते? आणि एखाद्या रुग्णाने विचारले, तर त्याची नोंद कोणी, कधी पाहिली हे नावानिशी सांगता येते का?

यंत्रणा घेतल्यावर रुग्णालयाचीही जबाबदारी उरते. प्रत्येक कर्मचाऱ्याला स्वतःचे लॉगिन द्यावे लागेल, आणि ते कंत्राटी सिस्टरपासून इंटर्नपर्यंत सगळ्यांना पहिल्याच दिवशी मिळावे लागेल. कारण लॉगिन मिळेपर्यंत काम थांबत नाही आणि दुसऱ्याच्या नावाने काम करण्याची सवय तिथेच लागते. बदली झालेल्याचा अधिकार त्याच दिवशी काढावा लागेल. लहान रुग्णालयांकडे यासाठी वेगळा तंत्रज्ञ नसतो. त्यांच्यासाठी तयार नियमांचा संच सरकारनेच करून दिला, तर दंडाच्या धाकापेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल.

फिनलंडच्या त्या परिचारिकेला दोन गोष्टी हव्या होत्या. ज्यांना तिची नोंद पाहण्याचे काम नव्हते, त्यांना यंत्रणेने नकार द्यायला हवा होता. आणि तरी कोणी पाहिलीच, तर त्याचे नाव सांगता यायला हवे होते. तिच्या रुग्णालयात तेव्हा यांपैकी एकही गोष्ट नव्हती. आपल्याकडच्या रुग्णालयांत त्या आहेत का, हे शोधायला न्यायालयापर्यंत जाण्याची गरज नाही. वॉर्डातल्या संगणकासमोर उभे राहून तो कोणाच्या नावाने उघडलेला आहे, एवढे पाहिले तरी पुरे.